इंजिनबदल केलेल्या वाहनांतील अविश्वसनीय इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर : बिघाडांची कारणमीमांसा व तपासणीची क्रमबद्ध पद्धती (ढोकी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे लातूर-बार्शी मार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे या गावाचे नाव मराठवाड्यात सर्वपरिचित झाले. ऊस, शेतमाल आणि माणसे यांची ने-आण हा अशा परिसराच्या अर्थजीवनाचा महत्त्वाचा भाग असतो. खेड्यापाड्यांच्या कच्च्या रस्त्यांवर ही ने-आण दीर्घकाळ जीप या वाहनाने केली. जीपचा सांगाडा मजबूत असतो. चेसिस आणि बॉडी वर्षानुवर्षे टिकतात, मात्र इंजिन त्याआधी थकते. साहजिकच जुन्या सांगाड्यात दुसरे इंजिन बसविण्याची प्रथा ग्रामीण भागात रुजली.

जोपर्यंत ही इंजिने पूर्णतः यांत्रिक होती, तोपर्यंत इंजिनबदल हा पाने, वेल्डिंग आणि अनुभव यांच्या बळावर होणारा व्यवहार होता. संगणकनियंत्रित इंजिने आल्यानंतर हे चित्र बदलले. नव्या इंजिनाची विद्युत भाषा आणि जुन्या गाडीची विद्युत भाषा यांत मेळ घालण्यासाठी अडॅप्टर नावाची छोटी इलेक्ट्रॉनिक साधने वापरावी लागू लागली. गाडी कधी चालते, कधी मध्येच बंद पडते, कधी काटा उड्या मारतो. अशा वेळी दोष अडॅप्टरच्या माथी मारला जातो. एक डबी काढून दुसरी बसविली जाते आणि काही दिवसांनी तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. यात वाहनधारकाचा पैसा आणि हंगामाचे दिवस वाया जातात. रात्रीच्या वेळी प्रवाशांसह गाडी भर रस्त्यात बंद पडल्यास प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

अडॅप्टर 'खराब' ठरविण्यापूर्वी त्याच्याभोवतीची परिस्थिती तपासली पाहिजे आणि ही तपासणी साध्या मल्टीमीटरच्या साहाय्याने गावातील गॅरेजमध्येही करता येते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) इंजिनबदलात इलेक्ट्रॉनिक अडॅप्टरची गरज का भासते, हे स्पष्ट करणे.
२) अडॅप्टरच्या अनियमित वर्तनामागील कारणांचा शोध घेणे.
३) ग्रामीण गॅरेजमध्ये वापरता येईल अशी तपासणीची क्रमबद्ध पद्धती मांडणे.
४) इंजिनबदलाच्या कायदेशीर बाजूकडे वाहनधारकांचे लक्ष वेधणे.

इंजिनबदलाची पार्श्वभूमी :

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र उद्योगसमूहाने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. प्रारंभीच्या जीप पेट्रोलवर चालत. पुढे डिझेल आणि पेट्रोल यांच्या किमतीतील तफावत वाढल्यावर जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसविण्याचे प्रमाण वाढले. या डिझेल इंजिनांना विजेची गरज अत्यल्प होती. सेल्फ फिरविणे, ग्लो प्लग तापविणे आणि बॅटरी भारित ठेवणे एवढ्यापुरताच विजेचा संबंध येई. एकदा सुरू झालेले यांत्रिक पंपाचे इंजिन बॅटरी अशक्त झाली तरी चालत राही. जुन्या पिढीतील मिस्त्रींचे कौशल्य याच इंजिनांवर घडले.

२००२ मध्ये स्कॉर्पिओ हे वाहन बाजारात आले आणि २००५ मध्ये त्यात कॉमन रेल पद्धतीचे 'सीआरडीई' इंजिन आले. २०१० मध्ये थार या वाहनातही या प्रकारचे इंजिन देण्यात आले. या इंजिनांत इंधन किती, केव्हा आणि किती दाबाने सोडायचे हे इंजिन नियंत्रक, म्हणजेच ईसीयू ठरवितो. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाल्यानंतर यांत्रिक पंपाचे इंजिन नव्या मोटारींतून हद्दपार झाले. परिणामी भंगार बाजारात किंवा अपघातग्रस्त गाडीतून मिळणारे जुने इंजिनही आता संगणकासह येते. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरील मंडी डबवाली हे गाव जीपच्या अशा पुनर्बांधणीसाठी देशभर ओळखले जाते. महाराष्ट्रातही हौस आणि गरज या दोन्ही कारणांनी असे बदल होत आले आहेत.

अडॅप्टर : संकल्पना व प्रकार :

अडॅप्टर म्हणजे दोन भिन्न विद्युत व्यवस्थांमधील दुभाषा होय. दुभाष्याला दोन्ही बाजूंचे बोलणे स्पष्ट ऐकू आले पाहिजे. ते आले नाही तर भाषांतर चुकते आणि दोष मात्र दुभाष्याला दिला जातो. इंजिनबदलात प्रामुख्याने पुढील चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार वायरिंग अडॅप्टरचा. यात एका बाजूच्या कपलरमधील पिना दुसऱ्या बाजूच्या कपलरशी केवळ तारांनी जोडलेल्या असतात.

दुसरा प्रकार संकेत बदलणाऱ्या अडॅप्टरचा. आरपीएमचा काटा, वेगाचा काटा, पाण्याच्या तापमानाचा काटा यांना समजेल अशा स्वरूपात सेन्सरचा संकेत बदलून देणे हे त्याचे काम असते.

तिसरा प्रकार 'कॅन' जाळ्यावरील अडॅप्टरचा. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या या पद्धतीत दोन तारांवरून अनेक नियंत्रक परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करतात. एका गाडीचे संदेश दुसऱ्या गाडीच्या उपकरणांना समजावेत म्हणून असे अडॅप्टर वापरले जाते.

चौथा प्रकार 'इम्युलेटर' या नावाने ओळखला जातो. सीएनजी किट बसविलेल्या पेट्रोल गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतानाही ते जोडलेले आहेत असा आभास ईसीयूला देण्याचे काम तो करतो. इंजिनबदलातही गाडीत नसलेल्या एखाद्या भागाची जागा भरून काढण्यासाठी असे साधन लावले जाते.

अविश्वसनीयतेची प्रमुख कारणे :

अ) अर्थचा दोष : इंजिनबदलातील सर्वाधिक दुर्लक्षित तार म्हणजे अर्थची तार. मूळ गाडीत इंजिन, चेसिस आणि बॅटरीचा ऋण खांब यांना जोडणाऱ्या जाड पट्ट्या कारखान्यात ठरविलेल्या जागी असतात. इंजिन बदलताना त्या काढल्या जातात आणि परत बसविताना रंगावर, गंजावर किंवा सैल बोल्टवर बसविल्या जातात. सेल्फ फिरताना सुमारे २०० अँपिअर प्रवाह वाहतो असे गृहीत धरल्यास, अर्थच्या जोडात केवळ ०.०१ ओहम रोध असला तरी तेथे २ व्होल्टची घट होते. एवढा सूक्ष्म रोध मल्टीमीटरच्या ओहम मापनावर दिसत नाही. 'बीप' वाजली म्हणजे अर्थ चांगला, हा समज म्हणूनच फसवा आहे.

या दोषाचा परिणाम कसा होतो हे एक्सलेटर पेडलच्या उदाहरणावरून समजते. संगणकनियंत्रित इंजिनात पेडलला केबल नसते. पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असून अनेक गाड्यांत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा असतो. पेडल सोडलेले असताना पहिला ०.७५ व्होल्ट आणि दुसरा सुमारे ०.३७५ व्होल्ट दाखवितो असे समजू. सेन्सरची अर्थ तार ईसीयूकडे न नेता बॉडीला जोडली आणि त्या जागी ०.३ व्होल्टची घट निर्माण झाली, तर हे आकडे १.०५ आणि ०.६७५ होतात. १.०५ चे निम्मे ०.५२५ होतात, ०.६७५ नव्हे. दोन साक्षीदारांच्या साक्षी जुळत नाहीत असे पाहून ईसीयू इंजिनाची शक्ती मर्यादित करतो. चालकाला 'पिकअप गेला' एवढेच जाणवते. अडॅप्टर, पेडल आणि ईसीयू हे तिन्ही निर्दोष असताना केवळ एका थिंबलमुळे हे घडू शकते.

आ) विद्युत पुरवठ्याचा दोष : अडॅप्टरला कोणत्या ठिकाणाहून वीज दिली आहे, हा दुसरा कळीचा मुद्दा आहे. हॉर्न, हेडलाइट किंवा पंख्याच्या तारेतून पुरवठा घेतल्यास त्या उपकरणाच्या चालू-बंदीबरोबर अडॅप्टरचा व्होल्टेज खालीवर होतो. तसेच इग्निशन स्विचच्या काही जोडण्या सेल्फ फिरत असताना बंद होतात. अशा जोडणीवरून पुरवठा घेतल्यास चावी फिरविताना अडॅप्टर क्षणभर मरतो व पुन्हा सुरू होतो. 'चावी दोन-तीनदा फिरवली की गाडी सुरू होते' या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

इ) जोडांचा दोष : तार सोलून, पिळून त्यावर टेप गुंडाळणे ही सर्वत्र आढळणारी पद्धत आहे. उन्हाळ्यात मराठवाड्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. बोनेटखाली ते कितीतरी अधिक असते. टेपचा चिकटपणा वितळतो, काळ्या मातीची धूळ आत शिरते, गाडी धुताना पाणी जाते आणि तांब्यावर काजळी चढते. दिव्याच्या तारेतील असा जोड चालून जातो, कारण तेथे काही अँपिअर प्रवाह असतो. सेन्सरच्या तारेत मात्र प्रवाह अत्यंत अल्प असतो आणि व्होल्टचा दशांश भागही अर्थपूर्ण असतो. त्यामुळे दिव्याला चालणारा जोड सेन्सरला चालत नाही.

ई) संकेतांची विसंगती : कित्येकदा अडॅप्टर ठीक असतो, परंतु तो त्या जोडीसाठी योग्य नसतो किंवा त्याची मांडणी चुकलेली असते. पेट्रोल जीपचा आरपीएम काटा चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला २ स्पंदनांची अपेक्षा करतो. डिझेल इंजिनात स्पार्क नसल्याने हा संकेत अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' टर्मिनलवरून घेतला जातो. अल्टरनेटरला १२ ध्रुव असतील तर त्याच्या एका फेरीत ६ स्पंदने मिळतात. पुलीचे गुणोत्तर २.५ असल्यास इंजिनाच्या एका फेरीला १५ स्पंदने होतात. म्हणजे अडॅप्टरने ७.५ ने भागाकार करणे आवश्यक असते. तो ६ वर ठेवला असेल तर काटा २५ टक्के जास्त दाखवील. ३००० च्या जागी ३७५० दिसेल. हा बिघाड नसून चुकीची मांडणी आहे. काटा स्थिर न राहता मागेपुढे होत असेल, तर अडॅप्टरआधी अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे का ते पाहावे.

तापमानाच्या बाबतीत वेगळी चूक होते. ईसीयूचा तापमान सेन्सर थंड असताना सुमारे २५०० ओहम आणि ८० अंशांवर सुमारे ३०० ओहम रोध दाखविणारा असतो. त्याच तारेला जुन्या गाडीचा काटा समांतर जोडला, तर काटा आणि ईसीयू दोघांनाही खोटी माहिती मिळते. काट्यासाठी स्वतंत्र सेन्सर बसविणे हाच यावरील सोपा उपाय होय.

उ) विद्युत आघात : इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'डायनामो चार्ज करतो का' हे पाहण्याची जुनी रीत आहे. यांत्रिक इंजिनाच्या काळात ती निभावली. संगणकनियंत्रित इंजिनात मात्र ही रीत घातक ठरते, कारण भारित होत असलेली बॅटरी अचानक अलग झाल्यास अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर १०० व्होल्टच्या आसपासही उसळू शकतो. बॅटरी न काढता चेसिसवर केलेले वेल्डिंग आणि २४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टच्या जीपला दिलेला 'जंप' यांचाही परिणाम तसाच होतो. रिलेच्या कॉइलला डायोड नसल्यास तो बंद होताना उलट दिशेचा तीव्र झटका निर्माण होतो. अशा आघाताने अडॅप्टर लगेच मरेलच असे नाही. तो अर्धमेला होऊन पुढे काही महिने लहरीपणे चालतो.

ऊ) उष्णता व कंप : सर्वसाधारण दर्जाचे इलेक्ट्रॉनिक घटक ७० अंशांपर्यंत आणि वाहनासाठी बनविलेले घटक सुमारे १२५ अंशांपर्यंत चालण्याच्या दृष्टीने तयार केलेले असतात. स्वस्त अडॅप्टर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ बसविल्यास पहिल्या मर्यादेचे उल्लंघन सहज होते. डिझेल इंजिनाच्या कंपनाने सोल्डरला केसासारखी चीर पडते. गाडी थंड असताना चीर मिटलेली असते, तापल्यावर उघडते. 'दहा किलोमीटर गेल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते' हे या दोषाचे बोलके लक्षण आहे.

तपासणीची क्रमबद्ध पद्धती :

वरील कारणे लक्षात घेता तपासणी सोप्याकडून अवघडाकडे आणि विनाखर्चाकडून खर्चाकडे जावी. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१) नोंद : बिघाड केव्हा होतो हे चालकाकडून विचारून लिहून घ्यावे. थंड की गरम, पाऊस की ऊन, खड्ड्यात की सपाटीवर, दिवे लावल्यावर की हॉर्न वाजविल्यावर, या उत्तरांतूनच अर्धी दिशा मिळते.

२) बॅटरी व अल्टरनेटर : गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावेत. सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी व जाड तारांकडे लक्ष द्यावे.

३) अर्थची घट : मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे अडॅप्टरच्या अर्थ पिनवर लावावे. इंजिन चालू, दिवे आणि पंखा चालू अशा स्थितीत ०.१ व्होल्टपेक्षा अधिक घट नसावी. सेल्फ फिरत असताना इंजिनाचा धातू आणि बॅटरीचा ऋण खांब यांतील घट ०.५ व्होल्टच्या आत असावी.

४) पुरवठ्याची घट : हीच चाचणी बॅटरीचा धन खांब आणि अडॅप्टरची पुरवठा पिन यांमध्ये करावी. मापन नेहमी अडॅप्टर जोडलेला असताना करावे. कपलर काढून मोजल्यास प्रवाह वाहत नाही आणि खराब तारही पूर्ण व्होल्टेज दाखविते.

५) हलविणे : मापन चालू ठेवून तारांचा जुडगा, कपलर आणि फ्यूजपेटी एकेक करून हलवावी. जेथे आकडा उडी मारतो तेथे दोष असतो. कपलर उघडून पिना मागे सरकल्या आहेत का, हिरवट थर आहे का, हे पाहावे.

६) अडॅप्टरकडे येणारा संकेत : आता प्रथमच अडॅप्टरकडे वळावे. सेन्सरकडून येणारा संकेत तपासावा. तीन तारांच्या हॉल सेन्सरला पुरवठा मिळतो का आणि चाक फिरविताना तिसरी तार वर-खाली होते का, ते पाहावे. पुरवठा असूनही ती सतत शून्यावर असेल, तर पुरवठ्याशी जोडणारा १ ते १० किलोओहमचा रोधक अडॅप्टरमध्ये नसण्याची शक्यता असते. दोन तारांच्या क्रँक सेन्सरचा संकेत एसी मापनावर पाहावा. गिअरबॉक्स जुळविण्यासाठी मधे प्लेट घातली असेल तर सेन्सर आणि दातेरी चक्र यांतील फट बदललेली असू शकते. ती सामान्यतः १ मिलिमीटरच्या जवळपास असते.

७) कॅन जाळे : बॅटरी अलग करून तपासणी सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकाच्या पिनांमधील रोध मोजावा. जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असल्याने मापन ६० ओहमच्या आसपास येते. १२० आल्यास एका टोकाचा रोधक तुटलेला आहे. ४० आल्यास अडॅप्टरमध्ये तिसरा, अनावश्यक रोधक आहे. काही जुन्या गाड्यांत तपासणीसाठी ७ क्रमांकाच्या पिनवरील 'के-लाइन' ही एकच तार वापरलेली असते. तेथे ही चाचणी लागू पडत नाही.

८) अडॅप्टरकडून जाणारा संकेत : येणारा संकेत, पुरवठा आणि अर्थ हे तिन्ही निर्दोष असताना जाणारा संकेत चुकत असेल तरच अडॅप्टर दोषी ठरतो. केस वाळविण्याच्या यंत्राने हलकी ऊब दिल्यावर बिघाड प्रकटला, तर आतील सोल्डर किंवा घटक सदोष असल्याचे निश्चित होते.

९) बदल : शेवटी दुसरा अडॅप्टर बसवावा. त्याआधी जुना कशामुळे गेला, याचे उत्तर वहीत लिहिलेले असले पाहिजे. ते नसेल तर नव्याचेही तेच होण्याची शक्यता अधिक.

एक बोधक उदाहरण :

समजा, ढोकी परिसरातील एका जुन्या जीपमध्ये सीआरडीई इंजिन बसविले आहे. ढोकीहून येडशीकडे जाताना दिवे लावले की आरपीएमचा काटा थरथरतो आणि अधूनमधून पिकअप जातो, अशी तक्रार आहे. काट्याचा अडॅप्टर दोनदा बदलून झाला आहे. वरील क्रमाने तपासणी केल्यास पहिल्याच प्रश्नात धागा सापडतो, तो म्हणजे 'दिवे लावले की'. बॅटरी व अल्टरनेटर ठीक आहेत. अर्थची घट दिवे बंद असताना ०.०४ व्होल्ट आणि दिवे लावल्यावर ०.३५ व्होल्ट येते. हेडलाइट, अडॅप्टर आणि पेडलच्या सेन्सरची अर्थ या सर्वांच्या तारा डॅशबोर्डखाली एकाच रंगविलेल्या बोल्टवर आहेत. दिव्यांचा प्रवाह त्या बोल्टवरून परत जाताना व्होल्टेज उचलतो आणि अडॅप्टर व पेडल या दोघांनाही भ्रमित करतो. बोल्टची जागा घासून, दिव्यांची अर्थ वेगळी करून, पेडलच्या सेन्सरची अर्थ ईसीयूच्या नेमून दिलेल्या पिनेकडे परत नेल्यावर काटा आणि पिकअप या दोन्ही तक्रारी एकाच वेळी दूर होतात. वेगवेगळ्या भासणाऱ्या दोन तक्रारींचे मूळ एक असू शकते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

येथे आणखी एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. इंजिन सुरू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडत असेल, तर अडॅप्टरऐवजी इमोबिलायझरकडे पाहावे. इंजिन आणि ईसीयू आणले, पण मूळ गाडीची चिप असलेली चावी व तिचा नियंत्रक आणला नाही, तर ईसीयू इंधन रोखतो. हा दोष नसून चोरी रोखण्यासाठी केलेली व्यवस्था आहे. म्हणून जुने इंजिन खरेदी करतानाच ईसीयू, चावी, पेडल आणि न कापलेले वायरिंग यांचा संच एकत्र घेणे आणि खरेदीची कागदपत्रे जपणे हिताचे ठरते.

कायदेशीर बाजू :

तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झालेला प्रत्येक इंजिनबदल कायदेशीर असतोच असे नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूलतः नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी यांवर वाहन चालविण्यासाठी विहित अटींनुसार मान्यताप्राप्त किट बसविण्याची तरतूद त्यात आहे. पुणे येथील १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा किटची चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने नव्या स्वरूपात आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. इंजिन क्रमांक नोंदणीशी जुळत नसल्यास अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते आणि त्याची झळ जखमी प्रवाशांनाही बसते. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वीच धाराशिव येथील परिवहन कार्यालयात चौकशी करून लेखी परवानगी घेणे हा तपासणीच्या क्रमातील शून्यावा टप्पा मानला पाहिजे.

निष्कर्ष :

१) इंजिनबदलातील इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर दोन विद्युत व्यवस्थांच्या सीमेवर काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे दोष त्याच्या ठिकाणी प्रकट होतात.
२) अर्थ, पुरवठा आणि जोड यांची तपासणी होईपर्यंत अडॅप्टरला दोषी ठरविणे अशास्त्रीय आहे.
३) रोध मोजण्यापेक्षा भार चालू असताना व्होल्टेजची घट मोजणे ही अधिक विश्वासार्ह चाचणी आहे.
४) यांत्रिक इंजिनाच्या काळातील काही सवयी, विशेषतः चालू इंजिनावर बॅटरी काढणे, आता सोडून देणे आवश्यक आहे.
५) इंजिनबदलाचा विचार करताना तांत्रिक शक्यतेआधी कायदेशीर शक्यता पाहिली पाहिजे.

शिफारशी व समारोप :

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांबरोबरच गावोगावच्या अनुभवी मिस्त्रींसाठीही व्होल्टेजची घट मोजण्याचे अल्पमुदतीचे प्रात्यक्षिक वर्ग घेतले जावेत. प्रत्येक इंजिनबदलानंतर वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा गाडीतच ठेवण्याची पद्धत पडावी. कोणत्या तारेला कोणता रंग, फ्यूज कोठे, अर्थ कोठे, एवढी नोंद असली तरी दुसऱ्या गावातील मिस्त्रीही ती गाडी समजू शकेल.

यांत्रिक इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा मिस्त्री संगणकनियंत्रित इंजिनासमोर आज हतबल झालेला दिसतो. सीलबंद डबीत काय आहे हे त्याला दिसत नाही, म्हणून ती बदलणे एवढेच त्याच्या हाती उरते. वस्तुतः डबीच्या आत न डोकावताही तिच्याकडे काय जाते आणि तिच्याकडून काय येते, हे मोजता येते. कानाने ऐकण्याचे जुने कौशल्य आणि मीटरने मोजण्याची नवी शिस्त यांची सांगड घातली, तर ढोकीसारख्या गावातील गॅरेजही या बिघाडांचे निदान मोठ्या शहराइतक्याच खात्रीने करू शकेल.